न झालेल्या खेळाची वर्गणी

आमच्या लेकीचं, सईचं बोट मोबाइलवर अधांतरी थांबलं होतं. कुठलीशी चार मुलं एक व्हिडिओ गेम बनवणार होती. आपण त्यातलं एखादं पात्र होऊन हिंडायचं, लढायचं. लोकांकडून संध्याकाळपर्यंत पुरेसे पैसे जमले तरच तो बनणार होता.

"बाबा, कार्ड की यूपीआय?"

"वस्तू घरी आल्यावर पैसे, असं नाही का त्यात?" मी चष्मा कपाळावर चढवून शोधू लागलो.

"अहो, गेम अजून बनलाच नाहीये."

"मग पैसे कशाचे?" स्वयंपाकघरातून सौ.

मला चटकन उत्तर सुचलं, हे आमच्या घरात क्वचितच घडतं. "वर्गणी गं. मांडव पडायच्या आधीच देतो ना आपण? आणि हा फ्लॅट बुक केला तेव्हा इथे नुसत्या बाभळी होत्या. त्यातल्या एकीखाली उभी राहून तू म्हणालीस, ओटा इथे हवा."

न झालेल्या गोष्टीवर भरवसा ठेवायला माणूस कुठे शिकतो, कोण जाणे. आम्ही मात्र शिकलो, आणि त्या बाभळीच्या जागी आता फोडणी तडतडत होती.

मी ठामपणे कार्डाचा नंबर टाकला. ओटीपी गेला सौ.च्या फोनवर, बँकेनं मला बरोबर ओळखलंय.

ती हात पुसत बाहेर आली. "त्यात बायका लढतात का?"

"आई, कोण व्हायचं ते आपणच ठरवायचं."

तिनं फोन हातात घेतला. मग 'कोणालाही सांगू नका' असं बजावलेला तो आकडा तिनं शेजारपाजारी ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात वाचला.