आम्ही 'जातो' म्हणत नव्हतो

पोलीस ॲक्शन झालं तेव्हा मी उर्दू दुसरीत होतो. शाळा काही महिने बंद राहिली आणि उघडली ती मराठीत. मी म्हणालो, एकदा शिकलो ते पुन्हा उलट्या बाजूनं शिकणार नाही. बापानं दोन दिवस मारलं, तिसऱ्या दिवशी औताला जुंपलं. मराठी लिहायला पुढं माझा मीच शिकलो. काना-मात्रा चुकला असेल तर चुकला.

देवगाव रंगारीकडचं गाव सोडून शहरात आलो आणि एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागलो. दुकानाचे मालक, आमचे उस्ताद, पूर्वी निजामाच्या फौजेत बिनतारी खात्यात होते. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर कात्री वाजवून मला तारेच्या भाषेतले ठिपके-रेघा शिकवायचे. मी म्हणालो, उस्ताद, मला इंग्रजी येत नाही. ते म्हणाले, "नै आती तो नै आती. कान तो है ना तेरेकू?"

कान होते. घरी यंत्र ठेवून जगात कुणाशीही बोलायचा परवाना मिळतो, त्याच्या परीक्षेला त्यांनीच बसवलं. लेखी पेपर पाठ करून कसाबसा काढला. ऐकून लिहायच्या पेपरात मात्र एक चूक नाही. साहेबाला संशय आला, त्यानं पुन्हा ऐकवलं. पुन्हा चूक नाही. या गोष्टीचा मला गर्व होता आणि आहे.

पोटासाठी पुढं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागलो. पत्रा ठोकायच्या प्रेसवर तीस वर्षं उभा राहिलो. आवाजासाठी कानात कापसाचे बोळे घालायला देत, मी घातले नाहीत. बोळे घालणाऱ्यांना मी हसायचो.

तो मला भेटला तो हवेत. जपानातला, रेल्वेत तारा पाठवायच्या कामावर असलेला. रविवारी दुपारी चारला आमची वेळ ठरली. मला जेवढं इंग्रजी यायचं तेवढंच त्यालाही यायचं, म्हणून आमचं कधी अडलं नाही. हवा, तब्येत, जेवण, पोरंबाळं, यापलीकडं माणसाला बोलायचं तरी काय असतं. आमच्या या धंद्यात एकमेकाला 'ओएम' म्हणतात, म्हणजे म्हातारबा. तिशीत होतो तेव्हापासून मी त्याचा म्हातारबा आणि तो माझा. त्याचा हात मी हजारात ओळखायचो. रेघ जरा लांबवायचा, विडा चघळत बोलणाऱ्या माणसासारखा.

बोलणं संपलं की शेवटी एक खूण पाठवायची असते. तीन ठिपके, रेघ, ठिपका, रेघ. झालं, आता मी चाललो, असा तिचा अर्थ. आमच्यातला कुणी मेला तरी त्याच्या नावापुढं तीच खूण लावतात. मी ती खूण कधी पाठवली नाही. आमच्याकडं उंबऱ्यातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. मी नुसता थांबायचो. पहिल्यांदा तो बिचारा माझी वाट बघत बसायचा. मग त्यानंही ती खूण सोडून दिली, पण का ते मी त्याला कधी सांगू शकलो नव्हतो. तेवढं इंग्रजी नव्हतं.

रिटायर झालो तेव्हा त्यानं बोलावलं. तिकीट पाठवतो म्हणाला, मी नाही म्हणालो, फंडातून गेलो. बायकोनं धपाटे आणि ठेचा बांधून दिला. "आवं, तिथं कुनाशी बोलनार तुम्ही?" म्हणाली. मी म्हणालो, पंचवीस वर्षं बोलतोय.

पण विमानतळावर आम्ही दोघं समोरासमोर आलो आणि तोंडच उघडेना. त्याचं इंग्रजी बोललेलं मला कळेना, माझं त्याला. नमस्कार झाला, हसून झालं, मग दोन परक्या माणसांसारखे गाडीत बसून राहिलो. एवढ्या लांब येऊन हा कोण माणूस, असं वाटलं. मग सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यानं स्टीअरिंगवर बोटानं वाजवलं, 'हवा चांगली आहे, म्हातारबा.' रेघ लांबवलेली. मी डॅशबोर्डवर वाजवलं, 'भूक लागलीय.' त्यानंतर आठ दिवस आम्ही तोंड फक्त खायला उघडलं.

यंत्र घेऊन तो मला एका डोंगरावर घेऊन गेला. डोंगर फार उंच नव्हता, आपल्या दौलताबादच्या किल्ल्याएवढा चढ. खाली चहाचे मळे, वर दगडी देऊळ. त्याचे दोन दोस्त बरोबर होते, तेही पिकलेले. मासे धरायच्या काठीला तार बांधून उभी केली, बॅटरीवर यंत्र लावलं. तिथल्या कायद्यानं मला पाठवायची मुभा नव्हती, ऐकायला बंदी नव्हती. म्हणून तो पाठवणार आणि मी ऐकून वहीत उतरवणार असं ठरलं. डोंगरावरून आवाज लांब जातो, पण बारीक येतो. त्यासाठी पक्का कान लागतो. दोस्तांना त्यानं काय सांगून ठेवलं होतं कुणास ठाऊक, दोघं माझ्या कानांकडंच बघत होते.

दुपारी धपाटे काढले. त्यानं ठेचा बोटभर घेतला आणि डबडबलेल्या डोळ्यांनी डब्याच्या झाकणावर जेवायच्या काड्यांनी वाजवलं, 'क्यू आर एक्स.' म्हणजे थोडं थांबा. दोस्त पोट धरून हसले. तिथंच मी त्याला झाकणावर वाजवून आणि हातवारे करून येतो-जातोचं सांगितलं. आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत, वाईट असतं. त्यानं मान हलवली. वाजवून सांगितलं, आमच्यातही घरातून निघताना 'जाऊन येतो' म्हणतात. तू ती खूण का पाठवत नाहीस ते मला तेव्हाच कळलं होतं, असंही वाजवलं.

जेवण झालं आणि एक फार बारीक स्टेशन आलं. तो पुढं वाकला, डोळे मिटले. दोस्तही वाकले. मला खरखर ऐकू येत होती, तिच्यात काहीच नव्हतं. तिघांनी माझ्याकडं बघितलं. नाही ऐकू आलं, एवढंच म्हणायचं होतं. मी वहीत त्या स्टेशनचं म्हणून एक खूणनाव लिहिलं, मनानं.

त्यानं वही बघितली आणि मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी यंत्राचा आवाज वाढवलेला होता आणि सूर खाली, जाड केलेला होता. मला जाड सूर अजून ऐकू यायचा. त्यानं हे मला विचारून केलं असतं तर मी तिथंच भांडलो असतो.

इकडं आलो, रविवार पुन्हा सुरू झाले. आता तो प्रत्येक शब्द दोनदा पाठवायचा. मला राग आला. मला बहिरा समजतो का? मी पाठवलं, 'एकदाच पाठव. ऐकू येतं.' त्यानंतर तो एकदाच पाठवू लागला. माझं ऐकायचा तो.

बायको म्हणायची, कान दाखवा डॉक्टरला. मी म्हणायचो, तू हळू बोलतेस. पुढं पुढं मी स्पीकरच्या कागदावर बोट ठेवून अंदाज घ्यायचो. बोटाला थरथर कळते, अर्धी. राहिलेली अर्धी मी भरून काढायचो. हवा असेल, तब्येत असेल. मी उत्तर द्यायचो, हवा चांगली, तब्येत चांगली.

त्या रविवारी तो बराच वेळ पाठवत होता. मी पाठवलं, 'छान. इथं हवा चांगली.' मग बोटाखाली ते आलं. तीन ठिपके, रेघ, ठिपका, रेघ. बोटानंही तेवढं नीट वाचलं. मी त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं. त्यानं उत्तर दिलं असेलही.

महिन्यानं डोंगरावरच्या त्याच्या एका दोस्ताचं पत्र आलं, इंग्रजी अक्षरांत नाही, ठिपक्या-रेघांत, मला वाचता यावं म्हणून. तो गेला होता. त्यात लिहिलं होतं, त्या दिवशी मीही ऐकत होतो. दवाखान्यात जातोय, परत यायचं नाही, असं त्या रविवारी तो तुला सांगत होता. तू म्हणालास, छान, हवा चांगली. घरच्यांना वाटतं तू त्याला धीर दिलास. त्यांनी आभार मानले आहेत.

मी उत्तर लिहिलं नाही. खरं लिहायचं तर ऐकू येत नाही हे लिहावं लागेल, आणि जे मी त्याला लिहिलं नाही ते त्याच्या दोस्ताला काय लिहू.

यंत्र अजून आहे. रविवारी चारला मी ते लावतो आणि बोट ठेवतो. परवा बायको माहेरी गंगापूरला निघाली. दारात उभी राहून काहीतरी म्हणाली, ओठ हलले. 'येते'च म्हणाली असेल, दुसरं काय म्हणणार. मी म्हणालो, "व्हय, आलं ऐकू."