तुमच्याकडं चुली किती?

चार माणसं एका ऑफिसात बरीच वर्षं बसली की फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. फायलींना निदान वाळवी तरी लागते. आमचे किस्से सगळे चुलीचे, कारण आमची संस्था मुरबाड-शहापूरच्या गावांत बिनधुराच्या चुली बसवायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आसनगावहून येणारी सर्व्हेवाली ताई, बाळू जीपचा ड्रायव्हर, सुदाम वैशाखरे गावचा, चूल बांधणारा मिस्त्री. आणि आमचे साहेब. त्यांनी चुलीवर इंग्रजीत जाडजूड प्रबंध लिहिला होता, पण आयुष्यात एक काटकी पेटवली नव्हती.

साहेबांच्या लेखी चूल म्हणजे मातीची एक वस्तू. आमच्याकडे चूल म्हणजे घर, कुटुंब, बाईचं राज्य. भाऊ वेगळे झाले की चूल वेगळी. कुणाचा कंटाळा आला की तो गेला चुलीत. रोजची ती चूल, तिच्या बाजूची वैल, लग्नाच्या मांडवामागचं ते चुलाण, आणि काहीच नसलं तर तीन धोंडे. हे साहेबांना कुणी सांगायचं? आम्ही तरी नाही सांगितलं. ऑफिसात दुसरी करमणूक नव्हती.

*

सिद्धगडाच्या पायथ्याचं एक गाव. साहेबांची पहिलीच फेरी. पारावर तंबाखू मळत बसलेल्या आजोबांना त्यांनी विचारलं, "गावात चुली किती?"

आजोबांनी वरच्या आळीकडं कान लावला. तिकडून कचाकचा भांडण ऐकू येत होतं.

"आत्ताच्या सांगू का सांजच्या? दोगं भाऊ अजून भांडतान."

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "भांडणात चुली फोडतात की काय?"

"नाही सर," मी म्हटलं, "वाढवतात."

साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं, बहुतेक शासनाच्या उपयोगी पडेल म्हणून.

*

एका घरी आम्ही चूल बसवून सहा-सात महिने झाले होते. साहेब तपासणीला गेले. चूल लखलखीत, काजळीचा ठिपका नाही. "बघा ताई, लोक किती निगा राखतात," म्हणत त्यांनी कौतुकाने आत हात घातला आणि ओरडून बाहेर काढला. आत कोंबडी खुडूक बसली होती.

"तिला नका उठवू," घरातली बाई शांतपणे म्हणाली. "पिलं निघू द्या, मंग बगा तुमची चूल."

ती स्वतः मागच्या पडवीत जुन्या चुलीवर भाकऱ्या भाजत होती. तिथे धूर होता आणि धुरात सुकट टांगलेली होती. साहेबांनी बोटाला पट्टी बांधून रिपोर्ट लिहिला, 'चुलीचा बहुउद्देशीय वापर होत असल्याचे आढळले.' वरून शाबासकी आली. कोंबडीला कुणी विचारलं नाही.

*

शहापूरला महिला मेळावा होता. स्टेजवर वाटपाच्या पत्र्याच्या चुलींची उतरंड, तिला झेंडूचा हार, आणि पुढे साहेबांचं भाषण. "भगिनींनो, चूल आणि मूल यातून बाहेर पडा!"

पहिल्या रांगेतली एक बाई उठली. कडेवर पोर. "बाहेर पडायचं तं मंग ही चूल न्यायची का नाय?"

"न्यायची, न्यायची," साहेब घाईने म्हणाले.

"मंग ह्याला धरा," असं म्हणून तिने पोर साहेबांच्या हातात दिलं आणि चुलीच्या लायनीत जाऊन उभी राहिली. स्त्रीमुक्तीचं उरलेलं भाषण साहेबांनी पोराला थोपटत केलं. शर्ट मात्र बदलावा लागला.

*

आमच्याकडे आवतण दोन तऱ्हेचं. 'घरटी एक' म्हणजे एका चुलीमागे एक माणूस. 'चूलबंद' म्हणजे त्या चुलीवर जेवणारं सगळं खटलं, घरात त्या दिवशी विस्तव पेटवायचाच नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

सुदामकडे सत्यनारायण होता, आवतण घरटी एक. साहेब आले ते बायको, दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन. सुदामची आई दारातच बसली होती. तिने पाचही जणांना नीट बघून घेतलं.

"साहेब, तुमच्याकडं चुली किती?"

साहेब हसले. "एकही नाही आजी. आमच्याकडे गॅस आहे."

"मंग बराबर हाय," म्हातारी म्हणाली. "चूलच नाय, तं हिशोब कसला? बसा जेवाया."

*

या म्हातारीचे दोन लेक. थोरला दगडू आणि धाकटा आमचा सुदाम. एकच घर, मध्ये कूड, पुढे सामाईक अंगण. बांधावरच्या एका आंब्यावरून चुली वेगळ्या झाल्या, बोलणं बंद झालं. आंबा पुढे वादळात पडला, भांडण तेवढं उभं राहिलं. म्हातारी दगडूच्या चुलीवर जेवायची.

सुदामच्या मुलीचं लग्न ठरलं. सुदामने अख्ख्या गावाला चूलबंद आवतण दिलं आणि सख्ख्या भावाला घरटी एक. गावभर बोभाटा झाला. दगडू म्हणाला, "एकच तं कुनीच नाय जानार." म्हणजे म्हातारीही नाही. नवरीला लहानपणापासून तिनेच सांभाळलेलं.

"अरे, आईचं काय?" मी सुदामला विचारलं.

"त्या चुलीला आवतण दिलंय. कोन यायचं त्यांनी ठरवावं," सुदाम म्हणाला. मला त्याचा खरंच राग आला. जगाच्या चुली बांधणारा हा माणूस!

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही मांडवाचं सामान घेऊन जीपने गेलो, साहेबही होते. अंगणात, दोन्ही दारांच्या बरोबर मध्ये, म्हातारीने तीन धोंडे मांडले होते. वर भलामोठा टोप रटरटत होता. कुडाच्या दोन्ही बाजूंना धूर चालला होता आणि सगळी आळी गोळा झाली होती.

"सुदाम," म्हातारी म्हणाली, "मी वेगली झाले. ही तिसरी चूल. आवतण दे."

गावाला चूलबंद दिल्यावर आईला कमी कसं देणार? सुदाम आतून ताट घेऊन आला. धोंड्याला हळदकुंकू लावलं, अक्षता ठेवल्या. "आये, चूलबंद आवतण हाय तुला." आणि मिशीत हसून दगडूच्या दाराकडं बघितलं.

"चूलबंद ना? चार लोकांत बोल्लास."

"बोल्लो."

म्हातारीने टोपावरचं झाकण काढलं आणि दगडूच्या दाराकडं हाक मारली. "दगडू, पोरांना घेऊन ये रे. भात झाला."

दगडू आला. मागून त्याची पोरं आली. शेवटी त्याची बायको आली, पदराला हात पुसत. "आमची चूल गार हाय," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "आयेनी सकालीच तांब्याभर पानी वतलं." सगळी ओळीने म्हातारीच्या चुलीपुढे बसली.

सुदाम ताट घेऊन तसाच उभा. साहेबांनी डायरी काढली आणि हळूच विचारलं, "सुदाम, मग आता इथे चुली किती धरायच्या?"

सुदामने ताट खाली ठेवलं, चपला काढल्या आणि ओळीच्या टोकाला, जरा अंतर सोडून, मांडी घालून बसला.

म्हातारीने त्याच्यापुढे पत्रावळ टाकली.

"सरक जरा," ती म्हणाली. "भावाला लागून बस."