नगरच्या कोर्टातला चौथा पुकारा

जनीने विचारलं नसतं तर आम्ही नगरला गेलोच नसतो. नववीला नागरिकशास्त्र शिकवताना मी फळ्यावर न्यायालयांची उतरंड काढली होती. वर सर्वोच्च, मग उच्च, मग जिल्हा. मागच्या बाकावरून जनी उठली. म्हणाली, "बाई, कोर्टात गरिबाला बोलू देत्यात का? का वकीलच बोलतो?" मी म्हटलं, देतात. तिने लगेच विचारलं, "तुमी पाह्यलंय?"

मी पाहिलं नव्हतं. वीस वर्षं शिकवत होते आणि कोर्टाची पायरी कधी चढले नव्हते. त्या दिवशी घरी येताना मला स्वतःचीच लाज वाटली.

मग हेडमास्तरांच्या सहीने नगरच्या दिवाणी न्यायाधीशांना पत्र लिहिलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं: या, पण मुलं शांत बसली पाहिजेत. कोणाला असं जायचं असेल तर सांगते, पत्र महिनाभर आधी पाठवा. दुसरं एक एस.टी.च्या डेपोत द्या, म्हणजे जागा धरून ठेवतात.

जाण्याआधी वर्गात खोटं कोर्ट भरवलं. फळ्याच्या माथ्यावर मी मोठ्या अक्षरांत 'न्यायमंदिर' लिहिलं. न्यायाधीश व्हायला सगळे तयार, शिपाई व्हायला कोणी नाही. ते काम जनीच्या वाट्याला आलं. घरी शेरडं राखणाऱ्या या पोरीचा आवाज असा, की तिने पुकारा केला तेव्हा शेजारचा सातवीचा वर्ग खिडकीत गोळा झाला.

एकाहत्तरच्या जानेवारीत एका मंगळवारी, पहाटेच्या गाडीने बावीस मुलं आणि मी निघालो. पाथर्डी ते नगर दोन तास. तिसगाव मागे पडलं तेव्हा उजाडलं. करंजीच्या घाटात गाडी धापा टाकायला लागली आणि तीन मुलांनी खिडकीबाहेर तोंडं काढली. लिंबू जवळ ठेवा, एवढंच सांगते.

माझ्या शेजारी एक बाई बसली होती. चाळिशीची असेल, माझ्याच वयाची, पण हात माझ्यापेक्षा वीस वर्षांनी म्हातारे. उसाच्या पात्याने चिरलेले. जनीने तिला भाकरीचा तुकडा दिला आणि विचारून टाकलं, "मावशी, कुठं निघालाव?"

"कोर्टात."

"आमी बी!"

"तुमी कशाला गं? एवढ्याशा पोरींनी काय केलं?"

सगळी गाडी हसली. मग त्या बाईने, सोनाबाईने, आपलं सांगितलं. नवरा वारला, दिराने तिला पाथर्डीकडे माहेरी पाठवलं आणि नगरजवळची जमीन एकट्याच्या नावावर करून घेतली. तिने वाटणीचा दावा लावला. पण मागच्या दोन तारखांना ती कोपरगावकडे ऊसतोडीच्या टोळीबरोबर होती, येता आलं नाही. "वकील म्हनले, आज तू न्हाई उभी राह्यलीस तर दावाच काढून टाकत्याल. म्हून काल टोळी सोडून माहेरी आले. मुकादम लई बोलला." तिने पदराच्या गाठीतला कागद काढून दाखवला. घडी इतक्या वेळा घातलेली की मधली अक्षरं पुसून गेली होती.

माळीवाड्याच्या स्टँडवर उतरलो. समोरच्या हॉटेलात चहा आणि गरम भजी मिळतात. भजी घ्या, चहा पाणचट असतो. सोनाबाई वकिलाला गाठायला पुढे गेली. आम्ही ओळीने चालत कोर्टात पोहोचलो.

दगडी इमारत, लांब व्हरांडा, आवारात एक मोठा कडुलिंब. कुंपणाकडेला टाइपरायटर घेऊन बसलेले अर्जनवीस, त्यांच्या खडखडाटात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नव्हतं. कोर्टाच्या खोलीच्या दारात पुढच्या मुलाने चपला काढल्या. मागच्यांनी काढल्या. मीही काढल्या. वर्गात मी इतके दिवस 'न्यायमंदिर, न्यायमंदिर' म्हणत आले होते, मंदिरात चपला घालून कोण जातं? तेवीस जोड दाराशी लावून आम्ही आत मागच्या बाकांवर बसलो.

आत सगळे पायताणांसकट होते. न्यायाधीशांचे बूट टेबलाखाली स्पष्ट दिसत होते. मुलं माझ्याकडे बघायला लागली, मी छताकडे.

पण मग काम सुरू झालं आणि मी सगळं विसरले. न्यायाधीश पन्नाशीचे, बारीक, सर्दी झालेले. त्यांच्या हातात लाकडी हातोडा नव्हता, टेबल कोणी आपटत नव्हतं. ते साक्षीदाराचं एकेक वाक्य ऐकून स्वतःच्या हाताने लिहीत होते. एक म्हातारा साक्षीदार चार वेळा अडखळला, चारही वेळा ते पेन उचलून थांबले. इतक्या सावकाश ऐकणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. मीसुद्धा वर्गात असं ऐकत नाही.

मग शिपाई बाहेर गेला आणि व्हरांड्यातून पुकारा आला. "वादी सोनाबाई विठोबा, हाजर होऽऽ!"

कोणी आलं नाही. दुसरा पुकारा. तिसरा. तिचे वकील बाजूच्या दाराने आत आले होते, ते दाराकडे बघून घाम पुसत होते. "सकाळी भेटली होती, साहेब. दारापाशीच बस म्हणून सांगितलं होतं." दिराचे वकील उठले. "ही तिसरी तारीख आहे, साहेब. वादीला स्वारस्य नाही. दावा काढून टाकावा." न्यायाधीशांनी फाइल ओढली, पेनाचं टोपण काढलं.

"त्या आल्यात!"

जनी उभी होती. मी तिचा हात ओढला, बसेना.

"कोण बोललं?" न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मी. जनाबाई. त्या एस.टी.त बाईंच्या शेजारी हुत्या. त्यांनी टोळी सोडली हाय यासाठी. त्या जानार न्हाईत."

"साहेब, पुकारा तीनदा झालाय," दिराचे वकील म्हणाले.

"झालाय. पण तो तिला ऐकू गेला का, हे मला कळलेलं नाही." त्यांनी टोपण परत लावलं. "शिपाई, या मुलीला बरोबर घ्या. आवारात बघा."

दोघं गेले. मला खिडकीतून लिंबाचा शेंडा तेवढा दिसत होता. मग तो आवाज आला, शेरडांमागचा, टाइपरायटरांच्या वरून जाणारा. "सोनाबाई विठोबाऽऽ! हाजर व्हा होऽऽ!" आमच्या बाकांवरची सगळी डोकी दाराकडे वळली.

सोनाबाई धावतच आली. दाराशी थबकली, पायातल्या चपला काढून आमच्या चपलांच्या रांगेला नीट लावल्या आणि आत आली.

"कुठे होता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"लिंबाखाली, साहेब. दाराशी आले हुते. तर ही एवढी पोरांची पायतानं. म्हनलं, आज शाळेचा कारेक्रम हाय आत. त्यो उरकला की आमची कामं सुरू व्हत्याल. मधी कशाला जायचं?"

कोर्ट हसलं. मी हसले नाही. माझ्या एका शब्दापायी या बाईची जमीन जायला निघाली होती.

ती पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली. वकील एक विचारत, ती दहा सांगे. "विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले.

"साहेब, दोन सालं कुनी इचारलंच न्हाई. आज इचारलंय तर जरा बोलू द्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. ती बोलली. लग्नात आलेली बैलजोडी, बांधावरची बाभळ, नवऱ्याने खणलेली अर्धी विहीर. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता एकेक सांगा. मी लिहितो." पाऊण तास साक्ष चालली.

मधल्या सुट्टीत न्यायाधीशांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. चपलांचं मी कबूल केलं, न्यायमंदिराचंही. त्यांनी नाक पुसलं. "बाई, देवळात माणूस मागायला येतो. इथे तो स्वतःचं घ्यायला येतो. मुलांना चपला घालून यायला शिकवा." मग जनीकडे वळून म्हणाले, "तू मात्र मध्ये बोललीस. कोर्टात असं बोलायचं नसतं." जनी म्हणाली, "व्हय साहेब," आणि तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप अजिबात नव्हता. ते हसले.

निकाल त्या दिवशी लागला नाही, पुढची तारीख पडली. सोनाबाई संध्याकाळी कोपरगावच्या गाडीला गेली. स्टँडवर तिने जनीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "हारले तरी चालंल बाई आता. समदं सांगून झालं." मला ते चालणार नाही. पुढच्या तारखेचा आकडा मी स्टाफरूमच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. टोळीच्या मुकादमाला आमच्या हेडमास्तरांनी पत्र पाठवलंय.

परवा वर्गात पुन्हा खोटं कोर्ट भरलं. फळ्यावरचा 'न्यायमंदिर' शब्द मी पुसून 'न्यायालय' लिहिलं. सगळे चपला घालून बसले. शिपाई व्हायला यावेळी सहा हात वर झाले, पण काम जनीलाच मिळालं. तिने दारात उभं राहून तीन पुकारे केले. वादी झालेला मुलगा ठरल्याप्रमाणे गप्प राहिला, म्हणजे आता दावा जायचा. न्यायाधीश झालेल्या मुलीने पेन उचललं.

"थांब," जनी म्हणाली. ती पायऱ्या उतरली, मैदान ओलांडून शाळेच्या लिंबापर्यंत गेली, आणि तिथून चौथा पुकारा केला.