लोखंडाचा कीस

घणसोली गावात एक माणूस हातात घालायची चुंबकाची कडी विकायचा. कागदावर लोखंडाचा कीस पसरून खालून चुंबक फिरवायचा. कीस उभा राहिला की म्हणायचा, "बघा मावशी, धरती म्हंजे मोठं चुंबक. झाडं, मानसं तीच वाढवते. रगतात लोखंड हाय ना? मग गोळ्या कशाला?"

माझ्या सासूबाईंनी कडं घातलं, खाट दक्षिणेला फिरवली आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात त्यांची उजवी बाजू लुळी पडली.

मी कडं परत द्यायला गेले, तर तो चहाबरोबर तीच गोळी घेत होता. मी गोळीच्या पाकिटाकडे बोट दाखवलं.

"डॉक्टर सोडू देत नाय, ताई," तो हसला.

मला चारचौघांत बोलता येत नाही. मी कागद उचलला आणि सगळा कीस त्याच्या चहात ओतला. घरी येऊन सासूबाईंना चमच्याने चहा पाजला.