पानाखालचं नाव

त्याला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी गळाभेट होईल या आशेनं कोणी वाचायला नको.

आमच्या वाडीच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा सडा आहे, म्हणजे उघडं कातळी पठार. सड्यावर चिरेखाण आहे, आणि ती वाढवायची म्हणून जनसुनावणी लागली होती. वाडीचे सगळे झरे त्या सड्याच्या पोटातून येतात. खाण जसजशी पुढे सरकली तसे ते कसे आटत गेले, याचे फोटो आम्ही चार वर्षं काढत होतो. दर महिन्याला, त्याच दगडावर उभं राहून. पाणी भरणाऱ्या बायकांची बोलणी रेकॉर्ड केली होती. हे सगळं एका वेबसाइटवर होतं आणि ती वेबसाइट बांधली होती त्यानं. शाळेत माझ्या वर्गात होता, पुढे माझ्याबरोबर कसालच्या बाजारात पत्रकं वाटत हिंडला.

सुनावणीची नोटीस चिकटली त्याच आठवड्यात तो खाणमालकाच्या ऑफिसात कामाला लागला आणि वेबसाइट उघडेनाशी झाली. मी फोन केला.

"सर्व्हर गेलो गो," तो म्हणाला. "डेटा उडालो. मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी दळणाच्या गिरणीत माझ्या आईला त्याची आई भेटली आणि बिचारीनं रडत खरं सांगितलं. सर्व्हर गेला नव्हता. त्यानंच बंद केला होता.

माझ्याकडे सगळ्याची एक प्रत हार्ड डिस्कवर होती. दर महिन्याला मी ती उतरवून घ्यायचे, आणि तो मला हसायचा. मला त्या डिस्कचा आनंद झाला तो झऱ्यांसाठी कमी आणि त्याचं तोंड बघायला मिळेल म्हणून जास्त. सुनावणीला तीन दिवस होते.

वाचनालयातला जुना कॉम्प्युटर मी मागून घेतला, त्यावर लिनक्स चढवलं आणि त्याचाच सर्व्हर केला. वेबसाइट कंटेनरमध्ये बसवायची होती. कंटेनर म्हणजे हापूसच्या पेटीसारखी गोष्ट. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या पेटीत, आपला पेंढा बरोबर घेऊन. एका पेटीत नासलं तर शेजारची पेटी बिघडत नाही. पण पेट्या सांभाळायच्या कोणी? मी एकटीनं सांभाळल्या तर मी त्याच्याहून वेगळी कशी? किल्ली एकाच्या खिशात होती म्हणून तर आमची ही दशा झाली. म्हणून मी पेट्या सांभाळणारं एक पॅनल बसवायचं ठरवलं. ब्राउझरमध्ये उघडणारं पान, त्यावर कुठली पेटी चालू, कुठली बंद, आणि पुढे बटण. चौघांची चार खाती काढायची: मी, आई, निवृत्त पोस्टमन आणि देवळात गाऱ्हाणं घालणारे, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागणं मागणारे काका.

काकांना घेतलं आणि तिथंच घोटाळा झाला. आमच्याकडे विहिरीवर पंप बसवला तरी देवाला गाऱ्हाणं घालतात. पॅनलचा डेटा ठेवायची जागा मी केली, ते उतरवून घेतलं, चालू करायची लांबलचक ओळ टाइप करून एंटर दाबलं. पॅनल चालू झालं. ब्राउझरनं आधी 'हे पान सुरक्षित नाही' असा इशारा दिला, तो ओलांडून मी आत गेले, आणि समोर आलं पहिलं खातं काढायचं पान. मी पासवर्ड टाकणार तेवढ्यात काकांनी कीबोर्डसमोर नारळ ठेवला.

"थांब गो. आदी देवाक सांगूया."

आम्ही चप्पल काढून उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी ह्यो सर्व्हर बसयलो आसा…"

"व्हय म्हाराजा!"

"तेची लाइट जावंदे नको, तार तुटांदे नको…"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ज्या कोणी घात केल्यान, तेका चांगली बुद्धी दी म्हाराजा!"

पोस्टमन आणि आई 'व्हय' म्हणाले. मी नाही म्हणाले.

"काका, बुद्धी कसली देतास? तेचा वाटोळा होवंदे म्हणा!"

"गाराण्यात असला मागूचा नसता."

"कित्याक नाय? तेना आमचा वाटोळा केल्यान मा?"

"देव काय भाड्याचो गुंड आसा गो?"

मी मागे हटले नाही. न्याय आणि सूड यांवर मी तिथं उभ्या उभ्या एक भाषणच ठोकलं. काका ऐकेनात. शेवटी पोस्टमन म्हणाले, "अर्धी बुद्धी, अर्धा वाटोळा, कायतरी ठरवा. च्या थंड होता." तेव्हा काकांनी 'जा कायता तुका बरा दिसात, ता तेका दी' अशी तडजोड काढली, निवड देवावरच सोपवली आणि नारळ फुटला.

मी पासवर्ड टाकून बटण दाबलं. पॅनलनं खातं काढायला नकार दिला. पान पुन्हा उघडलं तर वेगळंच इंग्रजी पान आलं, बंद झाल्याची सूचना असलेलं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: तो. घुसला असणार. असली कामं आणखी कोणाला येतात आमच्या गावात? मी फोन काढला आणि गावाच्या ग्रुपवर लिहायला लागले. 'गद्दाराने आपला नवा सर्व्हरही फोडला आहे. गावकऱ्यांनो, जागे व्हा.' शब्द सरसर येत होते. पत्रकांवरच वाढलेय मी, मला अशी वाक्यं शोधावी लागत नाहीत. अंगठा पाठवायच्या बाणावर होता.

"काय लिवलाहा थंय?" आईनं स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"कायतरी एरर आसा."

"काय ता वाच आदी. बापाशीसारख्या लिवक शिकलंस, वाचूक कधी शिकतलंस?"

मी वाचलं. सरळ लिहिलं होतं. सुरुवातीच्या काही मिनिटांत पहिलं खातं काढलं गेलं नाही, तेव्हा कोणी परका येऊन मालक होऊ नये म्हणून पॅनलनं स्वतःला बंद केलं आहे; पुन्हा चालू करा. कोणी घुसलं नव्हतं. मी देवाशी हुज्जत घालत होते, तेवढ्यात वेळ संपला होता.

बाबा गावात पत्रकं काढायचे तेव्हा त्यांचा एक नियम होता. पत्रकाखाली खरं नाव हवं आणि पत्रकात खरी गोष्ट. नाहीतर ती अफवा. मी शब्द न् शब्द पुसला. काकांनी फुटलेल्या नारळाचं भकल माझ्या हातावर ठेवलं.

एका ओळीत पॅनल पुन्हा चालू झालं. चार खाती निघाली. आईनं एका बोटानं आपला पासवर्ड टाकला आणि आम्हाला तोंड फिरवायला लावलं. संध्याकाळपर्यंत डेटाबेसची पेटी आणि वेबसाइटची पेटी दोन्ही पॅनलवर हिरव्या, म्हणजे चालू झाल्या. स्क्रीनवर झरे परत आले, भरलेले आणि आटलेलेही.

आणि प्रत्येक पानाच्या तळाला बारीक अक्षरात: 'संकेतस्थळ बांधणी', पुढे त्याचं पूर्ण नाव.

ते नाव खरवडून काढायचं हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. फाइल उघडली, कर्सर त्या नावावर नेला. मग थांबले. बांधली होती त्यानंच. ते खरं होतं. आणि पुसलं तर मालकासमोर त्याला किती सोपं जाईल, हेही माझ्या लक्षात आलं. मी फाइल बंद केली.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. तो खाणमालकाच्या मागच्या खुर्चीत फाइल धरून बसला होता. प्रोजेक्टरनं भिंतीवर आमचे झरे एकेक करून आले, सुनावणीचे साहेब टिपून घेत होते, आणि प्रत्येक झऱ्याखाली त्याचं नाव होतं. तिसऱ्या पानावर मालकानं चष्मा लावला. पाचव्या पानावर मान मागे वळवून त्याच्याकडे बघितलं. मी मुद्दाम सावकाश पुढे सरकत होते.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"माजा नाव काढ गो त्या पानावरसून."

"कित्याक? तूच बांधलंस मा?"

"मालक इचारतत माका."

"मगे सांग तेंका, खरा आसा म्हणान."

"तुका काय व्हया ता सांग. मी माफी मागतंय."

"माफी नको. पानाखाली आसा ता बरा आसा."

सुनावणीचा निकाल अजून आलेला नाही. वेबसाइट चालू आहे. काल आईनं पॅनल उघडून बघितलं, दोन्ही पेट्या हिरव्या आहेत.