तीस वर्षं टिकणारा सोफा

गल्लीत त्याला ठोक्या मिस्त्री म्हणायचे. लाकूड दिसलं की बोटाच्या पेरानं ठोकून बघायची खोड! दार असो, टेबल असो, नाहीतर दवाखान्यातलं स्टूल. चाळीस वर्षं त्यानं लोकांचे सोफे बनवले, आणि स्वतःच्या घरात काय? दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बायको त्यावरून कधी बोलली नाही. पण तिला हृदयाचं दुखणं निघालं, आडवं झालं की दम लागायला लागला. डॉक्टरांनी मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगितलं, "चार महिने. फार तर सहा." त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, एक सोफा आणा ना. तुमच्या खांद्याला टेकून खिडकीतून बघत बसेन म्हणते. या खुर्च्यांचे हात मधे येतात मेले."

शहाण्या माणसानं दिसेल तो सोफा टेम्पोत घातला असता. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मिस्त्री दुकानं पालथी घालत सुटला. सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचलायचा. दुसरा पाय लगेच उठला नाही, तर सांगाडा लेचापेचा. मग सोफा उलटा करून खालून चाचपायचा. "नुसत्या पिना मारल्यात. दोन वर्षांत खिळखिळा होईल." सहावा दुकानदार वैतागला, "काका, सोफा घ्यायचाय की पोस्टमॉर्टेम करायचंय?"

घरी येऊन मिस्त्री म्हणाला, "सगळा कचरा! मीच बनवतो. तीस वर्षं हलणार नाही असा."

"मला कुठं तीस वर्षं बसायचंय हो?" ती हसली.

"काहीतरी बोलू नकोस!" तो खेकसला. खरं सांगायचं तर दोन वर्षांचा सोफा आणणं म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं मान्य करणं, असं त्याला वाटत होतं. ते त्याला जमेना.

लाकूड आणलं. ठोकलं, तर आतून ओलसर. ओलं लाकूड पुढं वाकतं, सांधे सुटतात. ते वाळत ठेवलं. महिन्याचे दोन झाले. ती खुर्चीतून विचारायची, "आज वाळलं का?"

"थोडं राहिलंय."

तिचे पाय सुजले होते, चार शब्दांत दम लागत होता. त्याला दिसत होतं. दिसत होतं हो! तरी हा बाबा लाकूडच ठोकत बसायचा.

ती गेली तेव्हा सांगाडा उभा होता, स्प्रिंगा बसल्या होत्या, कापड तेवढं राहिलं होतं. आठवड्यानं त्यानं तेही लावलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

भेटायला आलेली माणसं त्या सोफ्यावरच बसली. चौघं एका वेळी, पण तो करकरला नाही. तिच्या धाकट्या भावानं सोफ्याच्या हातावर हात फिरवला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "दाजी, मजबूत झालाय. किती टिकेल?"

"तीस वर्षं," मिस्त्री म्हणाला. "चार महिने टिकला असता तरी पुरे होतं रे तिला."

मेहुण्यानं सरकून सोफ्यावर जागा केली. मिस्त्री खिडकीजवळच्या खुर्चीतून उठला नाही.