सकीना सिस्टरचं पुरं मिनिट

स्वारगेटजवळच्या त्या चाळीस खाटांच्या रुग्णालयात एकेकाळी सगळे रुग्ण मिनिटाला बरोबर वीस श्वास घ्यायचे. हर्नियावाला वीस, मूतखड्यावाला वीस, दम्याचा म्हातारा खोकून खोकून काळानिळा पडला तरी वीसच. निदान खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर तरी तसंच लिहिलेलं असायचं. ताप थर्मामीटर सांगतं, नाडी बोटांना लागते. श्वास मात्र थांबून मोजावा लागतो, आणि सकाळच्या घाईत थांबायला वेळ कुणाला आहे? वीस लिहिलं की कुणी काही विचारत नाही.

सकीना सिस्टरच्या तक्त्यांवर मात्र सतरा, बावीस, एकोणीस असे वेडेवाकडे आकडे असायचे. तिची पद्धत ठरलेली. रुग्णाचं मनगट हातात घ्यायचं आणि नाडी मोजून झाली तरी ते सोडायचं नाही. बिचाऱ्याला वाटायचं, अजून नाडीच मोजताहेत. सिस्टरचे डोळे मात्र त्याच्या छातीच्या वरखाली होण्यावर. पुरं एक मिनिट.

"श्वास मोजतेय म्हणून सांगितलं, की माणूस फोटोला बसल्यासारखा श्वास घ्यायला लागतो," ती नव्या मुलींना सांगायची. "आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. आपण भाजी घेत नाही आहोत."

मोमिनपुऱ्यातल्या जब्बारभाईंची ही थोरली लेक. जब्बारभाई अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारांना पुस्तकं बांधून द्यायचे. सकीना नर्सिंगला गेली ते साल सहासष्ट. नातेवाइकांनी नाकं मुरडली. परक्या पुरुषांची अंगं पुसणार का ही पोरगी? जब्बारभाईंनी खळीच्या भांड्यातून मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, "तुमचं अंग पुसायची वेळ येईल तेव्हा तिचाच पत्ता विचारत याल." आणि आले की! त्यातल्या दोघांना तर तिनेच बरं करून घरी पाठवलं.

पण पुऱ्या मिनिटाची सवय काही जन्मजात नव्हती. शिकाऊ असताना तिनेही वीस लिहिले होते. नऊ नंबरच्या खाटेवरची बाळंतीण, सरुबाई नावाची. नर्सिंगच्या शिक्षिका आनंदीबाईंनी तक्ता पाहिला, सरुबाईकडे पाहिलं आणि सकीनाला खाटेपाशी उभं केलं. "मोज. मोठ्याने." सगळ्या वॉर्डासमोर ती मोजत गेली आणि चौतीसवर थांबली. सरुबाई वाचली. मात्र त्यात आपला काहीच हात नव्हता, हे सकीना कधी विसरली नाही.

पुढची गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. तोवर ती त्या रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डाची प्रमुख सिस्टर झाली होती. सात नंबरच्या खाटेवर श्रीनिवास करंदीकर होते. निवृत्त मुख्याध्यापक, मुक्काम सदाशिव पेठ. प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. या नऊ दिवसांत त्यांनी वॉर्डातल्या एकाही माणसाला टोमण्यावाचून सोडलं नव्हतं. उशी बदलली तर, "वा, यात कापूससुद्धा आहे." मुलींनी बेडपॅन आणायला उशीर केला तर, "असू दे, पुढच्या वेळी आदल्या दिवशी अर्ज करीन." मुली रडकुंडीला यायच्या. सकीनाला मात्र मनातून हसू यायचं.

आदल्या दिवशी त्यांची लघवीची नळी काढली होती आणि आज घरी जायचं होतं. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई सकाळीच पिशव्या बांधून तयार होत्या. दुपारी अमावास्या लागणार होती. त्याआधी उंबरा ओलांडायलाच हवा, असं त्यांनी तीनतीनदा बजावून ठेवलं होतं. फाटकाशी रिक्षा उभी होती. तरुण डॉक्टर जयसिंगांनी घरी सोडण्याच्या कागदावर सही केली होती.

सकीनाने करंदीकरांपुढे चहा ठेवला. रुग्णालयाचाच चहा तो. रोज करंदीकरांच्या तोंडून त्याचं श्राद्ध व्हायचं. आज त्यांनी दोन घोट घेतले आणि म्हणाले, "छान आहे हो चहा."

सकीनाचा हात तिथेच थांबला.

"बघा ना," सुहासिनीबाई कौतुकाने म्हणाल्या, "आज कसे शहाण्यासारखे वागताहेत! सकाळपासून कुणाला एक शब्द बोलले नाहीत."

"तेच तर," सकीना म्हणाली आणि तिने त्यांचं मनगट हातात घेतलं.

मिनिट पुरं झालं. एकोणतीस. नाडी एकशे चौदा. ताप नाही. तक्त्यावर शिकाऊ मुलीने सकाळी सातला सुंदर अक्षरात वीस लिहून ठेवले होते. सकीनाने रक्तदाब पाहिला, घरी सोडण्याचा कागद उचलून एप्रनच्या खिशात घातला आणि डॉक्टर जयसिंगांना वॉर्डातच गाठलं.

"सात नंबर आज जाणार नाहीत, डॉक्टर."

"का? ताप नाही, जखम कोरडी आहे. रक्तदाब किती?"

"एकशे दहा."

"उत्तम की!"

"तुमच्या-माझ्या अंगात उत्तम. त्यांचा नऊ दिवस एकशे साठच्या खाली आला नाही. पन्नास कुठे गेले?"

"घरी जायचं म्हणून जरा धडधडत असेल हो. आणि ताप नसताना..."

"म्हाताऱ्या अंगाला ताप यायलाही ताकद लागते. काल नळी काढली आहे. लघवीतला जंतू रक्तात गेला असेल तर?"

जयसिंग अवघडले. मोठे डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. त्यांना भर ऑपरेशनात निरोप पाठवायचा, तोही कशावरून? "सिस्टर, सरांना काय सांगू? करंदीकरांनी चहाला नावं ठेवली नाहीत, म्हणून?"

शेजारच्या खाटेवरचा कुणीतरी हसला. सकीनाची कानशिलं तापली. अंदाज चुकला असता तर उद्यापासून सारं रुग्णालय तिला चहावरून छळणार होतं. तिनेच बजावून बजावून शिकवलेल्या मुलीसुद्धा मग वीस लिहून मोकळ्या झाल्या असत्या.

"काही सांगू नका," ती शांतपणे म्हणाली. "एक मिनिट मोजा. पुरं."

जयसिंग खाटेशी आले. मनगट धरलं. विसाव्या सेकंदाला त्यांनी मान वर केली, तर समोर सकीना हाताची घडी घालून उभी. मान खाली गेली. मिनिट संपलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"तीस," ते म्हणाले, आणि थिएटरकडे स्वतःच धावले.

इकडे सुहासिनीबाईंचा धीर सुटला. "अहो सिस्टर, अमावास्या लागेल! मग आजारी माणूस घरी न्यायचा कसा?"

"मग नका नेऊ. अमावास्या आपण इथेच काढू, काकू. मी आहे ना."

मोठ्या डॉक्टरांनी थिएटरच्या दारातूनच सांगितलं: तपासणीला रक्त काढा, सलाईन लावा, अँटिबायोटिक लगेच शिरेतून द्या. सकीनाने ट्रे आधीच मांडून ठेवला होता. सुई शिरेत गेली तेव्हा सव्वादहा वाजले होते. पावणेअकराला करंदीकरांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, लोखंडी खाट गदगदा हलायला लागली. रक्तदाब ऐंशीवर आला. सुहासिनीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी खिडकीतून फाटकाकडे, त्या उभ्या रिक्षाकडे पाहिलं. यावेळी आपण लक्ष्मी रोडच्या गर्दीत असतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

दिवसभर सकीना तिथून हलली नाही. दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास. पुन्हा घातलेल्या नळीतून लघवी किती उतरते, ते मापट्याने मोजून लिहायचं. दुपारी नुसता तळ ओला होता. चारला थोडी उतरली. संध्याकाळी रक्तदाब एकशे तीस झाला आणि श्वास चोवीसवर आला, तेव्हा तिने दुपारचा डबा उघडला. पोळ्या पार वातड झाल्या होत्या. त्या तिने चवीने खाल्ल्या.

दोन दिवसांनी रक्ताच्या तपासणीत जंतू सापडला. मोठे डॉक्टर फेरीला आले, तक्ता वाचला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आणखी तासभर गेला असता तर मी फक्त मृत्यूच्या दाखल्यावर सही करायला उरलो असतो." सकीनाने नुसती मान हलवली. पण त्या दिवशी बसस्टॉपवर उभी असताना तिची मान जरा जास्तच ताठ होती, आणि ती तिने मुद्दाम खाली केली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तिने करंदीकरांपुढे चहा ठेवला. त्यांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"सिस्टर, यात दूध आहे, साखर आहे, पाणी तर मुबलक आहे. चहाची पावडर घरून आणायची असते का?"

"आणायची असते," सकीना म्हणाली, "पण तुम्हाला इतक्यात घरी कोण सोडतंय?"

म्हातारा हसला. तिने मनगट हातात घेतलं आणि मिनिटाने तक्त्यावर अठरा लिहिले. मग पलीकडे पाहिलं, तर डॉक्टर जयसिंग अकरा नंबरच्या खाटेशी मनगट धरून उभे होते, डोळे रुग्णाच्या छातीवर. त्यांच्या मागे त्या सुंदर अक्षराची शिकाऊ मुलगी ओठ हलवत मोजत होती.

त्या दुपारी सकीनाने वॉर्डातले सगळे तक्ते एकापाठोपाठ एक पाहिले. सोळा, बावीस, एकोणीस, चोवीस, सतरा. वीससुद्धा होते, एकाच खाटेवर. तिने जाऊन स्वतः मोजून पाहिलं.

खरोखरच वीस होते.